१,२७६ नावांची यादी: ब्यूट काउंटीचं शेरीफ ऑफिस आणि कॅम्प फायर

२०१८ चा दिवाळी पाडवा ८ नोव्हेंबरला होता, गुरुवार. आम्ही तेव्हा कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला राहायचो, संध्याकाळी मित्राकडे फराळाला जायचं ठरलेलं आणि दुपारनंतर बाहेर बघतो तर उन्हाचा रंगच बदललेला, तांबूस, आणि हवेला लाकूड जळल्याचा वास. आधी वाटलं जवळच्याच डोंगरावर काहीतरी पेटलंय. नंतर कळलं की आग आमच्यापासून रस्त्याने जवळजवळ तीनशे किलोमीटर लांब, उत्तरेला ब्यूट काउंटीत (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) लागलीये आणि पॅराडाईज नावाचं २६-२७ हजार वस्तीचं गाव सकाळच्या काही तासांत जवळपास सगळं जळून गेलंय. पुढचा आठवडाभर बे एरियातली, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या आमच्या भागातली, हवा इतकी घाण होती की १६ तारखेला शाळा बंद ठेवाव्या लागल्या, आणि आपल्या मराठी ग्रुपांवर कुठल्या दुकानात एन-९५ मास्क शिल्लक आहेत एवढा एकच विषय. माझं लक्ष मात्र दुसरीकडेच अडकलं होतं. ब्यूट काउंटीचं शेरीफ ऑफिस बेपत्ता लोकांच्या नावांची यादी जाहीर करत होतं आणि ती यादी मी रोज रात्री उघडून बघायचो, ओळखीचं कोणी असण्याची शक्यता नव्हती तरी.

ती यादी रोज वाढत होती. १५ नोव्हेंबरला ६३१ नावं, १६ ला १,०११, १७ ला १,२७६. माझ्यासकट सगळ्यांना वाटायला लागलं की हजार माणसं गेली. शेवटी मृतांचा आकडा ठरला ८५. हा फरक का पडला, शेरीफने अर्धीकच्ची यादी बाहेर का टाकली आणि ते बरोबर होतं का, हे समजून घ्यायला मी नंतर बरंच वाचलं. त्यातून जे कळलं ते एका जागी लिहून काढतोय. माझं मत आधीच सांगून टाकतो: ह्या सगळ्या प्रकरणाचा गाभा आग विझवण्यात नाहीये, हातातली माहिती अपुरी असताना ती लोकांना द्यायची की थांबायचं, ह्यात आहे. त्याच ऑफिसने हा निर्णय तीन वेगळ्या प्रसंगी तीन वेगळ्या प्रकारे घेतला.

शेरीफ म्हणजे नक्की कोण

आपल्याकडे शेरीफ म्हटलं की मुंबईचे नगरपाल आठवतात, मानाचं पद, १९९४ मध्ये सुनील गावसकर होते, अधिकार म्हणाल तर काही नाहीत. अमेरिकेतला काउंटीचा शेरीफ ही पूर्ण वेगळी चीज आहे. तो लोकांनी मतदानाने निवडून दिलेला असतो. शहरांची स्वतःची पोलीस खाती असतात पण शहराबाहेरचा जो काउंटीचा मोकळा भाग असतो, खेडी, डोंगर, जंगलातल्या वस्त्या, तिथला पोलीस म्हणजे शेरीफचे डेप्युटी. शिवाय काउंटीचा तुरुंग तोच चालवतो, कोर्टातला बंदोबस्त त्याचा, घर खाली करायची कोर्टाची नोटीस घेऊन दारात उभं राहणं त्याचं, डोंगरात हरवलेल्या माणसाला शोधणं त्याचंच. आणि कॅलिफोर्नियातल्या बहुतेक काउंट्यांमध्ये तोच कोरोनरही असतो. म्हणजे कोणी अचानक किंवा संशयास्पद मेलं तर तो कोण, कशाने मेला हे ठरवून घरच्यांना कळवायचं काम पण त्याच ऑफिसकडे. आपल्याकडचे एसपी, जेलर, कोर्टाचा बेलिफ आणि मृत्यूचा पंचनामा करणारा अधिकारी ह्या सगळ्यांना एका खुर्चीत बसवा आणि वर त्याला दर चार वर्षांनी मतं मागायला लावा, साधारण तसं.

ब्यूट ही काही श्रीमंत काउंटी नाही. सव्वादोन लाखांच्या आसपास वस्ती, भात आणि बदाम-अक्रोडाची शेती, ओरोविल हे मुख्य ठिकाण, चिको हे सगळ्यात मोठं शहर कारण तिथे विद्यापीठ आहे. पॅराडाईज हे चिकोच्या पूर्वेला डोंगराच्या सोंडेवर पाईनच्या झाडांत वसलेलं, घरं त्यातल्या त्यात स्वस्त, म्हणून रिटायर झालेले लोक बरेच. २०१४ पासून काउंटीचे शेरीफ होते कोरी होनिया.

आधीच्या वर्षीचं धरण

हा भाग सोडून पुढे गेलं तर आगीच्या सकाळचं काहीच नीट कळत नाही, म्हणून थोडं मागे जातो. ओरोविलला जे धरण आहे ते अमेरिकेतलं सगळ्यात उंच, ७७० फूट. फेब्रुवारी २०१७ मध्ये जबरदस्त पाऊस झाला, ७ तारखेला मुख्य सांडव्याला भलंमोठं भगदाड पडलेलं दिसलं, मग त्यातून पाणी कमी सोडलं, तलाव भरत गेला आणि ११ तारखेला आपत्कालीन सांडव्यावरून पाणी वाहायला लागलं, १९६८ मध्ये धरण पूर्ण झाल्यापासून पहिल्यांदाच. तिथे खाली काँक्रीट नव्हतंच, नुसता डोंगराचा उतार. १२ ला, रविवारी दुपारी, तो उतार झपाट्याने खरवडून निघायला लागला आणि इंजिनिअर लोक आपापसात बोलायला लागले की तासाभरात वरची कड ढासळू शकते.

होनिया तिथेच होते. त्यांच्या हातात पक्कं काही नव्हतं, फक्त "ढासळू शकते" एवढंच. त्यांनी गाव रिकामं करायचा हुकूम दिला, आणि खालच्या दोन काउंट्या धरून तिन्ही मिळून साधारण १,८८,००० माणसं घर सोडून निघाली. तुरुंगातले पाचशेच्या वर कैदी बसमधून आमच्याच अलामेडा काउंटीच्या तुरुंगात आणले. रस्ते तुंबले, लोक तासन्‌तास गाड्यांत बसून राहिले आणि कड काही ढासळली नाही. १४ तारखेला सगळे परत गेले. साहजिकच बऱ्याच जणांनी बोल लावले की उगाच घबराट केली. मला हा निर्णय तेव्हाही बरोबर वाटला होता आणि आजही वाटतो, कारण कड गेली असती तर मोजायला सुद्धा कोणी उरलं नसतं. पण एकदा असं सगळ्यांना हलवल्यावर आणि शिव्या खाल्ल्यावर पुढच्या वेळेला सगळ्यांना एकदम हलवायला माणसाचं मन कचरत असणारच. पुढच्या वर्षीच्या निर्णयावर त्याचा किती परिणाम झाला हे बाहेरून सांगता येणार नाही, पण हा अनुभव त्या ऑफिसच्या गाठीशी होता एवढं खरं.

८ नोव्हेंबरची सकाळ

पुल्गा नावाच्या वस्तीजवळ कॅम्प क्रीक रोड आहे, त्यावरून आगीचं नाव कॅम्प फायर. सकाळी साडेसहाच्या सुमाराला पीजी अँड ई ह्या वीज कंपनीच्या उच्च दाबाच्या लाईनवरचा एक लोखंडी हुक, शंभरएक वर्षांचा, झिजून झिजून तुटला आणि तार टॉवरला लागून ठिणग्या खाली सुकलेल्या गवतावर पडल्या. पावसाळा सुरू व्हायला हवा होता पण पाऊस पडलेलाच नव्हता, आणि ईशान्येकडून दरीतून वारा असा सुटला होता की पहिल्या बंबवाल्यांनी आग बघताच ओळखलं की ही आपल्या हातातली नाही. तिथे जायला जो रस्ता होता त्यावर गाडी नेणंही अवघड. मग आधी कॉन्काऊची वस्ती पेटली. तिथून जळते निखारे वाऱ्याबरोबर मैलोन्‌मैल पुढे उडत गेले, त्यामुळे आगीची मुख्य रेघ गावापर्यंत पोचायच्या आधीच पॅराडाईजमध्ये ठिकठिकाणी पेट घेतला होता, आठ वाजायच्या आत.

आता योजना काय होती ते बघा. गावाचे १४ झोन पाडलेले होते आणि आग जिथून येईल तिथले झोन आधी, मग पुढचे, असं टप्प्याटप्प्याने बाहेर काढायचं. ही योजना मूर्खपणाची नव्हती. २००८ मध्ये हम्बोल्ट फायरच्या वेळी सगळे एकदम निघाले आणि रस्ते पार तुंबले, त्यातून ती तयार झाली होती, तिची रंगीत तालीम पण झालेली. गावातून खाली उतरायला मोजकेच रस्ते, स्कायवे, क्लार्क, पेंट्झ आणि नील, त्यातला स्कायवे मुख्य, आणि तोही गावाच्या मधल्या भागात काही वर्षांपूर्वी चार लेनचा दोन लेन केलेला. २००८ नंतर काउंटीच्या ग्रँड ज्युरीने (कारभार तपासणारं नागरिकांचं मंडळ) बाहेर पडायचे रस्ते वाढवा असं लिहूनही दिलं होतं. वाढले नाहीत.

आठच्या सुमारास पूर्वेकडच्या झोनना बाहेर पडायचा हुकूम निघाला. बाकी गावाला त्यानंतर. पण आग टप्प्यांत येत नव्हती, निखारे सगळ्या झोनमध्ये एकदम पडत होते. हुकूम पोचवायची पद्धत म्हणजे कोडरेड नावाची सिस्टीम, तिच्यात लँडलाईनचे नंबर होते आणि ज्यांनी स्वतःहून मोबाईल नोंदवला होता त्यांचे. बहुतेकांनी नोंदवलेला नव्हता. ज्यांना फोन गेले त्यातलेही बरेच लागले नाहीत, मग टॉवरच जळायला लागले. कित्येकांना पहिली सूचना मिळाली ती शेजाऱ्याने दार वाजवलं तेव्हा किंवा खिडकीबाहेर सकाळी नऊला रात्रीसारखा काळोख दिसला तेव्हा.

आणि एक गोष्ट होती जी वापरलीच नाही. परिसरातल्या प्रत्येक मोबाईलवर, नोंदणी असो नसो, मोठ्या आवाजात येणारा सरकारी इशारा, मूल पळवून नेलं की येतो ना तसला. ती सोय उपलब्ध होती. वर्षभरच आधी, ऑक्टोबर २०१७ मध्ये, सोनोमा काउंटीतही आगीच्या वेळी ती वापरली नव्हती आणि तिथे त्यावरून मोठं वादळ उठलं होतं, कारण तिथल्या अधिकाऱ्यांना भीती वाटली की ज्यांना निघायची गरज नाही तेही निघतील. ब्यूटमध्ये आगीचा वेगच इतका होता की हातात वेळ उरला नाही, हे मला मान्य आहे. पण तरीही माझ्या मते सगळ्यात मोठी चूक हीच. "आग येतेय, निघा" एवढं सगळ्यांना सांगायला कुठला झोन आधी ते पक्कं ठरण्याची गरज नव्हती. धरणाच्या वेळी "ढासळू शकते" एवढ्यावर पावणेदोन लाखांवर माणसांना हलवलं होतं, इथे डोळ्यांना दिसणारी आग असताना माहिती तुकड्या-तुकड्याने गेली.

रस्त्यावर मात्र डेप्युटी, हायवे पेट्रोल आणि पॅराडाईजचे स्वतःचे थोडेथोडके पोलीस ह्यांनी जे केलं ते वाचून अंगावर काटा येतो. स्कायवेच्या सगळ्या लेन उताराच्या दिशेने सोडल्या, तरी एरवी अर्ध्या तासाच्या वाटेला कित्येकांना चार-पाच तास लागले, दोन्ही बाजूंनी जळत्या झाडांमधून. काही ठिकाणी पुढे जाणंच अशक्य झालं तेव्हा लोकांना गाड्यांतून उतरवून डांबरी पार्किंगच्या मोकळ्या जागेत एकत्र उभं केलं, आगीच्या मधोमध, आणि ते वाचले. ह्यातलं बरंचसं ऐन वेळी सुचलेलं होतं. त्याच वेळी खुद्द ह्या लोकांची घरं मागे जळत होती, आणि संध्याकाळी शिफ्ट संपल्यावर जायला जागा नसलेले बरेच जण त्यात होते.

यादी

आता खरा विषय. पन्नास हजाराच्या वर माणसं विखुरलेली, कोणी चिकोच्या चर्चमध्ये, कोणी दुकानाच्या पार्किंगमध्ये तंबूत, कोणी दुसऱ्या राज्यात मुलीकडे, फोन जळालेले किंवा चार्जर मागे राहिलेले. देशभरातून त्यांचे नातेवाईक शेरीफ ऑफिसला फोन करतायत, ईमेल करतायत, आमचे आजोबा कुठेत, आमची मावशी कुठेय. शिवाय पहिल्या दिवशी आलेल्या इमर्जन्सी फोनची रेकॉर्डिंग होती, ती डिटेक्टिव्ह परत परत ऐकून त्यातली नावं आणि पत्ते काढत होते. हे सगळं एकत्र केलं तर एकच माणूस तीन स्पेलिंगने तीनदा, बाई माहेरच्या नावाने एकदा आणि सासरच्या नावाने एकदा, आणि असेही बरेच जण जे दोन दिवसांपासून सुखरूप होते पण आपण कोणाच्या यादीत आहोत हे त्यांना माहीतच नव्हतं.

नेहमीची पद्धत अशी की आधी पडताळा, मग जाहीर करा. ते करायचं तर महिना गेला असता. होनियांनी ठरवलं की कच्ची यादी आहे तशी बाहेर टाकायची, आणि पत्रकारांसमोर उघड सांगितलं की यादीत चुका आहेत, पण ती बिनचूक होईपर्यंत थांबलो तर काम पुढे सरकणार नाही, तेव्हा तुम्ही बघा, तुमचं नाव असेल तर आम्हाला फोन करा. म्हणून आकडा ६३१ चा १,२७६ झाला. टीव्हीवर रोज "बेपत्ता हजारावर" अशी पट्टी फिरायची आणि मला आठवतंय, मित्राच्या बायकोने विचारलं होतं की खात्री नसताना एवढा मोठा आकडा सांगतातच का, नातेवाइकांच्या जिवाला किती घोर लागत असेल. तेव्हा मलाही पटलं होतं तिचं.

पण यादीने काम केलं. आसऱ्याच्या जागांवर ती कागदावर छापून भिंतींना लावली, लोक बोट ठेवून वाचायचे आणि मग फोन करायचे, मी आहे, जिवंत आहे. १८ तारखेला आकडा ९९३ वर आला, मध्ये परत वरखाली झाला, आणि डिसेंबरच्या सुरुवातीला उरली ११ नावं. हजारावर माणसं शोधायला जेवढे डिटेक्टिव्ह लागले असते तेवढे त्या ऑफिसकडे कधीच नव्हते, त्यामुळे शोधायचं काम खुद्द हरवलेल्यांनीच केलं म्हणा ना. आणि मग जी नावं कमी होत नव्हती त्यांच्या पत्त्यावर शोधपथक पाठवायचं हे ठरवणं सोपं झालं. मला ह्या सगळ्या प्रकरणात सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे.

राखेतलं काम

१८,८०० च्या आसपास इमारती जळालेल्या. शेरीफ म्हणजेच कोरोनर, त्यामुळे प्रत्येक घराची राख तपासायची जबाबदारी ह्याच ऑफिसवर. शेजारच्या काउंट्यांमधून शोधपथकं आली, नॅशनल गार्डचे जवान आले, मृतदेह हुंगणारी कुत्री आली आणि चिकोच्या विद्यापीठातून मानववंशशास्त्राचे लोक आले, कारण इतक्या उष्णतेत हाडाचा तुकडा माणसाचा की पाळीव प्राण्याचा हे साध्या नजरेला कळत नाही. पांढरे सूट घालून, गुडघ्यावर बसून, बादली आणि चाळणी घेऊन. बिछान्याच्या स्प्रिंगा कुठे आहेत, बाथटब कुठे, गाडीची सीट कुठे, तिथे आधी बघायचं. २१ तारखेला पाऊस येणार होता, त्या पावसाची आख्खं कॅलिफोर्निया वाट बघत होतं आणि ह्या लोकांना धास्ती की राखेचा चिखल होऊन आहे तेही वाहून जाईल.

ओळख पटवणं अजून अवघड. बोटांचे ठसे, दातांचे एक्स-रे, शरीरात बसवलेल्या गुडघ्याच्या सांध्यावरचा किंवा पेसमेकरवरचा नंबर, ह्यावर काहींची ओळख लागली. बाकीच्यांसाठी दोन तासांच्या आत डीएनए वाचणारं यंत्र आणलं, नातेवाइकांना बोलावून गालाच्या आतून कापसाच्या काडीने नमुना घ्यायचा आणि जुळवायचं. एवढ्या मोठ्या दुर्घटनेत हे यंत्र असं वापरायची ही पहिलीच वेळ होती आणि बहुतेकांची ओळख त्यावरच पटली. सुरुवातीला नमुने द्यायला लोक पुरेसे येत नव्हते, त्यांना बोलावायलाही शेरीफ ऑफिसला रोज आवाहन करावं लागत होतं. देणाऱ्याच्या मनाचा विचार करा, नमुना द्यायचा म्हणजे आई गेली हे अर्धं कबूल करायचं.

आणि एक बारीक गोष्ट, जिच्याबद्दल फार कोणी बोललं नाही. नोव्हेंबरच्या अखेरीला मृतांचा आकडा ८८ सांगितला जात होता. ३ डिसेंबरला तो ८५ केला, कारण वेगवेगळ्या पिशव्यांत आलेले काही अवशेष एकाच माणसाचे निघाले. सरकारी ऑफिस मृतांचा आकडा स्वतःहून कमी करतं आणि का केला ते उभं राहून सांगतं. आधी यादीबद्दल "चुका आहेत" असं मोकळेपणाने सांगितलेलं होतं म्हणून ह्या वेळी कोणी लपवाछपवीचा आरोप केला नाही, असं मला वाटतं.

गेलेल्यांत बहुतेक म्हातारी माणसं होती. काही अंथरुणाला खिळलेली, काहींकडे गाडी नव्हती, काही व्हीलचेअरवर दारापर्यंत आलेली. झोनची योजना गाडी असलेल्या, फोन असलेल्या, चालत्याफिरत्या माणसासाठी होती, आणि गावात राहत होते पेन्शनर.

नंतर

पॅराडाईजमध्ये आता भोंगे बसवलेत, नोंदणी नको आणि मोबाईलही नको, कानावर आलं की निघायचं. डोंगर तेच आहेत आणि वारा तोच. सप्टेंबर २०२० मध्ये ह्याच काउंटीत बेरी क्रीकची वस्ती जळाली, त्या नॉर्थ कॉम्प्लेक्स आगीत १६ माणसं गेली. जुलै २०२४ मध्ये चिकोच्या बागेत एकाने पेटती गाडी घळीत ढकलली आणि पार्क फायर लागली, क्षेत्रफळाने कॅम्प फायरच्या जवळजवळ तिप्पट, कोहॅसेटच्या वस्तीतली घरं गेली पण माणसं वेळेत बाहेर पडली. दोन्ही वेळेला शेरीफ होनियाच.

पीजी अँड ईवर डिस्ट्रिक्ट अॅटर्नी, म्हणजे काउंटीचे मुख्य सरकारी वकील, माईक रॅमसी ह्यांच्या ऑफिसने फौजदारी खटला भरला, आणि तो भरता आला कारण शेरीफच्या लोकांनी राखेतून एकेक नाव पक्कं केलं होतं. जून २०२० मध्ये चिकोच्या कोर्टात कंपनीने सदोष मनुष्यवधाचे ८४ आरोप कबूल केले (८५ पैकी एक मृत्यू ह्या आरोपांत धरला नव्हता). कंपनीला तुरुंगात टाकता येत नाही, दंड साधारण ३५ लाख डॉलर, एवढ्या मोठ्या कंपनीला तो किरकोळच. पण न्यायाधीशांनी सगळे आरोप एकत्र उरकले नाहीत. एकेका माणसाचं नाव वाचलं गेलं, त्याचा फोटो पडद्यावर आला, आणि कंपनीचे प्रमुख बिल जॉन्सन ह्यांना त्या फोटोकडे बघून प्रत्येक वेळी वेगळं "दोषी" म्हणावं लागलं, चौऱ्याऐंशी वेळा.